व्याह्यांच्या थोबाडीत

कामरगावात पिठाची गिरणी चालवणारे जानराव उतारवयात सुपरहिरो झाले. कारंज्याचा नरेंद्र एरवी लग्नाचे व्हिडिओ काढतो. त्यानं सिनेमा करायला घेतला होता. त्याची गोष्ट अशी: अंगी कसलीच शक्ती नसलेला साधा माणूस एक दिवस ठरवतो, की गावातला अन्याय आता आपणच निपटायचा. पोशाख जानरावांच्या घरधनिणीनं, कस्तुराबाईंनी जमवला. फवारणीचा चष्मा, हातमोजे आणि पाठीवर जुन्या लुगड्याचं हिरवं फडकं.

"हे घालून गिरणीत नोका बसू," त्या म्हणाल्या, "पट्ट्यात अटकलं तं उडत देवाघरी जासान."

शेवटी हिरोनं बोगस बियाणं विकणाऱ्या दुकानदाराच्या थोबाडीत मारायची होती. दुकानदाराचं काम करणारा लखन नेमका तापानं पडला. नरेंद्रनं बघ्यांतला एक भरघोस मिशांचा माणूस धरून खुर्चीत बसवला. त्याला काय ठाऊक, की हे मालेगावचे इंद्रभान, जानरावांचे व्याही! सुनेला, योगिनीला, माहेरी सोडायला आले होते.

जानरावांनी मारुतीरायाला नमस्कार करून हात उगारला. तो हवेतच थांबला. पुन्हा उगारला, पुन्हा थांबला.

"हाणा न इवाई!" व्याहीच म्हणाले. "मिशा खऱ्या हायेत, गळून नाही पडत."

"कसा हाणू? पोरगी तुमच्या घरी नांदते. आज सारे हसतीन. उद्या तिले कोनं टोमणा मारला तं?"

नरेंद्रनं कॅमेरा खाली घेतला. "दुसरा माणूस पाहू," तो म्हणाला.

"थांबा भाऊ," इंद्रभान म्हणाले. "इवाई, बिडीपायी तुमची पोरगी मले रोज रागावते. परवा अख्खं बंडल चुलीत टाकलं. मी काही घर सोडून गेलो काय? कायले भेता?"

"आजबी एक ओढली मामाजीनं," गर्दीतून योगिनी ओरडली. "बाबा, हाणा!"

लग्न झाल्यापासून लेक फोनवर नुसतं 'बरं हाये' म्हणायची. त्या दोन शब्दांवर जानरावांचं मन कधी ठरत नव्हतं. आता ते मोकळेपणी हसले आणि हसता हसताच हात सुटला. चापट चांगली बसली, पण लगेच सुपरहिरो खाली वाकला, "लागलं काय हो?"

"पुन्हा घेऊ," नरेंद्र म्हणाला.

"आता नाही बाप्पा," इंद्रभान गाल चोळत उठले. "इवाईले सवय लागन."