अहो, ऐकलं का आणि बाळा

माझी नात दहा महिन्यांची असताना आमच्याकडे राहायला आली. मुलगा आणि सून शिर्डीत फुलांचं आणि प्रसादाचं दुकान चालवतात. काकड आरतीच्या आधी दुकान उघडायचं, शेजारतीनंतर बंद करायचं, आणि राहायला जिन्याखालची एक खोली. तिथे रांगतं मूल ठेवणार कुठे? म्हणून ती शेवगावजवळच्या आमच्या गावी आली. मी बालवाडीतून निवृत्त झालेली, हे एसटीतून. एक पोर सांभाळायची म्हणजे काय मोठंसं, असं आम्हा दोघांनाही वाटलं होतं.

ती बोलायला लागली तेव्हा पहिला शब्द आला, "अहो."

उंबऱ्याजवळ भिंतीला धरून ती उभी होती आणि अंगणात मोटरसायकल पुसणाऱ्या आजोबांना हाक मारत होती. अगदी माझ्या सुरात, शेवटचा 'हो' लांबवून. मी हाक मारली की यांना टीव्हीचा आवाज वाढवायची आठवण होते. तिची हाक ऐकून मात्र हे फडकं टाकून धावत आले.

"मला बोलावलं तिनं," हे म्हणाले. "तू का तोंड वाकडं केलंस?"

चाळीस वर्षं त्या घरात तो शब्द फक्त माझा होता.

पण तिची तरी काय चूक? घरात माणसं दोनच. मी यांना 'अहो' म्हणते, हे मला 'ऐकलं का' म्हणतात. पंधरा दिवसांत मी 'ऐतलंता' झाले. "ऐतलंता, दूध," "ऐतलंता, शी झाली." मी तीस वर्षं लोकांची पोरं बोलती केली होती, त्यामुळे मला हे फार लागलं. मी ठरवलं, यापुढे आपण एकमेकांना आजी-आजोबाच म्हणायचं. ऐकून ऐकून शिकेल.

यांनी मनावर घेतलं. तेवढ्यात माझी धाकटी बहीण जामखेडहून आली. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण केस सगळे पांढरे, आणि त्या विषयावर बोललेलं तिला खपत नाही. ती ओसरीत बसली होती. हे बाहेरून आले आणि आत बघत म्हणाले, "आजी, पाणी द्या जरा."

बहीण उठून उभी राहिली. "दाजी, मी मेव्हणी हाय तुमची. आजी कुणाला म्हणता?"

"तुला न्हाई, हिला म्हनलं."

"बायकोला आजी म्हणता व्हय?" तिला ते आणखीच वाईट वाटलं. जाईपर्यंत ती यांच्याशी धड बोलली नाही, आणि मला कोपऱ्यात घेऊन तिने विचारलं, यांची तब्येत बरी आहे ना? आम्ही तो उपाय तिथेच सोडला.

तिसरं लागल्यावर नातीला अंगणवाडीत घातलं. पहिल्याच दिवशी तिथल्या ताईंनी विचारलं, "तुला कोण सोडायला आलंय?"

"अहो," ती म्हणाली.

ताईंचं नुकतंच लग्न झालेलं. त्या लाजल्या. पोरांना मात्र ते आजोबांचं नावच वाटलं. आठवड्याभरात हे रस्त्याने निघाले की वीस पोरं कुंपणाला लटकून "अहो, अहो" ओरडायची आणि समोरच्या घरांतल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. पहिले दोन दिवस हे मागच्या वाटेने गेले. तिसऱ्या दिवसापासून इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या वाटेने जायला लागले.

मग दिवाळीनंतर, गर्दी ओसरल्यावर, मुलगा आणि सून दोन दिवसांसाठी आली. फोनवर रोज बोलणं व्हायचं, पण समोरासमोर खूप दिवसांनी. पोरगी मुलाकडे बघत राहिली, मग पुढे जाऊन म्हणाली, "बाळा, जेवलास का?"

मी फोनवर रोज हेच विचारत असे. मुलगा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. "जेवलो," तो म्हणाला. "तू जेवलीस का?"

मग ती सुनेकडे वळली. "पोरी, दमलीस का?"

तेही माझंच. सून हसली, पण लगेच पिशवी उचलून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती ओट्याला टेकून उभी होती.

"आई, एक विचारू? मला आई कोण म्हणणार?"

बाहेर मी सगळ्यांना हसून सांगत होते की पोर किती हुशार आहे, जे ऐकते ते उचलते. हिच्या कानावर ते कसं पडत असेल, याचा मी विचारच केला नव्हता.

ती दोघं परत गेल्यावर पहिला फोन आला तेव्हा मी पोरीला मांडीवर घेतलं आणि फोनमध्ये म्हणाले, "आई, दमलीस का?"

पलीकडून सून हळूच म्हणाली, "कोण बोलतंय?"

"मीच. तू फक्त ओ दे."

बासष्टाव्या वर्षी मी रोज संध्याकाळी सुनेला आई म्हणायला लागले. हे शेजारी बसून हसायचे. सुनेला आधी अवघड वाटायचं, मग तीही रंगली. "हो गं, दमले. तू औषध घेतलंस का?" असं मलाच दटावायची. महिना-दीड महिना असं चाललं. एका संध्याकाळी मी फोन कानाला लावायच्या आत पोरीने तो ओढून घेतला आणि म्हणाली, "आई, तू कधी येणार?"

त्या गुरुवारी, ऐन गर्दीच्या दिवशी, दुकानाला कुलूप लावून दोघं आली. पोरगी आईच्या हातून जेवली, तिच्याच कुशीत दुपारी झोपली, आणि दिवसभर माझ्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही. मला थोडं वाईट वाटलं. मग दोन जुड्या मेथी आणली होती ती घेऊन निवडत बसले. कितीतरी दिवसांनी सलग बसायला मिळालं होतं.