तान्हाबाईंना दिलेला नारळ

चिपळूणच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा माझ्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात फणस. कंडक्टरने आधी फणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, ह्याचं अर्धं तिकीट काढावं लागेल हो."

"काढा की. तुमच्यापेक्षा शांत बसेल," मी म्हटलं. शाळेत मास्तरकी करून करून माझी जीभ अशी झाली आहे, त्याला मी तरी काय करू? तो बिचारा हसला आणि फणस माझ्या पायांशी येऊन बसला. कुंभार्लीचा घाट चढेपर्यंत त्याचा वास शेवटच्या बाकापर्यंत पोचला होता. कुणी नाकाला रुमाल लावला, तर कुणी "कापा की बरका?" अशी आपुलकीने चौकशी केली.

निघाले होते भोसरीला. माझी भाची नलू लग्न होऊन तिकडे गेली, औषधाच्या गोळ्यांच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली, तिला मुलगी झाली, ती रांगायलासुद्धा लागली, तरी माझं जाणं झालं नव्हतं. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत म्हटलं, आता नाही तर कधी नाही.

पुण्यात शिवाजीनगरला शहराची बस पकडली. खडकी गेली, दापोडीचा पूल गेला आणि मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे सुरू झालं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. पत्र्याची लांबच लांब छपरं, धुराडी, लोखंडी फाटकं, आणि दोन कारखान्यांच्या मधे राहिलेल्या एखाद्या पट्टीत नांगरून ठेवलेलं शेत. नलूने बजावलं होतं, "मावशी, कंपनीजवळ उतर." मी कंडक्टरला मोठ्या रुबाबात सांगितलं, "कंपनीजवळ थांबवा." तो म्हणाला, "कोणची कंपनी? हितं समद्या कंपन्याच हायत!" सगळी बस हसली. मी भलत्याच कंपनीजवळ उतरले आणि फणस पदरात गुंडाळून, कडेवर घेऊन उन्हातून भोसरी गावठाणापर्यंत चालत गेले. वाटेत भेटलेल्या प्रत्येक बाईने बाळ समजून आधी आत डोकावून पाहिलं.

नलूची खोली गावठाणाला लागून असलेल्या चाळीत. नवरा वसंता लेथवर काम करतो, सालस मुलगा आहे. मी पोचले तेव्हा दोघंही घरात, पण बाळ कुठे दिसेना.

"चिऊ आजीकडे आहे," नलू म्हणाली. "चल, आणायला जाऊ."

ही आजी म्हणजे तान्हाबाई. गावातली जुनी माणसं ही, ह्यांची शेती कारखान्यात गेली. दगडी ओट्याचं एक घर राहिलं आहे आणि पुढे पत्र्याची पडवी. त्या पडवीच्या वाशांना लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या, प्रत्येक झोळीतून एकेक पाय बाहेर. मोठी पोरं खाली जमिनीवर. मधोमध तान्हाबाई बसलेल्या, तोंडाचं बोळकं, हातावर गोंदण, एका पायाने एक झोळी हलवताहेत आणि हाताने कुणाला तरी माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) भरवताहेत. कारखान्यात जाणाऱ्या बायकांची ही सगळी मुलं. कुणी नगरकडची, कुणी मराठवाड्यातली, कुणी बुद्धवाडीतली. कुणी म्हातारीला ज्वारी आणून देतं, कुणी साखर, कुणी नुसतंच लुगडं धुऊन देतं. ठरलेलं काही नाही.

"ही माझी मावशी. शाळेत शिकवते," नलूने ओळख करून दिली.

"मास्तरीण व्हय? बरं हाय. तुमच्याकडं येत्यात तवा पोरास्नी बोलता येतं," तान्हाबाई म्हणाल्या. मला त्या तिथल्या तिथे आवडल्या.

भोसरीत रविवार गुरुवारी येतो. कारखान्यांना विजेच्या पाळ्या लावून दिल्या आहेत म्हणे, म्हणून ह्या भागाची सुट्टी गुरुवारी. त्या गुरुवारी वसंता म्हणाला, "मावशी, चला, तुम्हाला चाकण दाखवतो." मित्राची स्कूटर मागून आणली होती. मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडला, पुढे सगळा मोकळा माळ, आणि चाकणला पोचण्याआधी कांद्याचा वास आला. तिथला भुईकोट पाहिला, झणझणीत मिसळ खाल्ली, माझ्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. येताना स्कूटर पंक्चर! भर माळावर तो चाक काढतोय आणि मी पदर डोक्यावर घेऊन उभी. तेव्हा त्याने हळूच सांगितलं, की चाकणला येण्याचं खरं कारण किल्ला नव्हता. डिकीत तिथल्या बाजारात घेतलेली एक शाल होती आणि एक नारळ. चाळीच्या मित्रमंडळाने त्या संध्याकाळी तान्हाबाईंचा सत्कार ठेवला होता.

"आणि शाल तुमच्या हस्ते," वसंता म्हणाला. "तुम्ही पाहुण्या, त्यात शिक्षिका."

मला भारीच वाटलं, खोटं कशाला सांगू? एवढं करणाऱ्या म्हातारीला कुणीतरी चारचौघांत मान द्यायलाच हवा होता.

संध्याकाळी चाळीपुढे सतरंज्या अंथरल्या, कर्णा लावला. तान्हाबाईंना खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या, चिऊला मांडीवर घेऊन. वसंता भाषणाला उभा राहिला. "आजवर ज्यांनी इमानेइतबारे सेवा केली, त्या तान्हाबाई... त्यांच्या कष्टाचं ऋण फिटणार नाही... आता त्यांनी विश्रांती घ्यावी... त्यांचं उर्वरित आयुष्य सुखासमाधानात जावो..." टाळ्या पडल्या. मी शाल पांघरली, हातात नारळ दिला, वाकून पायांना हात लावला. वर पाहते तो म्हातारीचा चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, गहिवरल्या असतील. त्यांनी चिऊला उचलून नलूकडे दिलं, नारळ पदरात घेतला आणि कुणाशी न बोलता घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी आम्ही चिऊला घेऊन गेलो, तर पडवीत एकही झोळी नाही! सगळी लुगडी घडी घालून ओट्यावर रचून ठेवलेली. दाराला आतून कडी. बाहेर पाच-सहा बाया पोरं काखेत घेऊन उभ्या.

"आजी, अगं दार उघड! बरं नाही का तुला?"

आतून आवाज आला, "मला काय झालंय? काल नारळ दिला न्हवं? मग आता कशाला आलाया?"

सगळ्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. आणि माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. नारळ दिला! अहो, आपण नाही का म्हणत, अमक्याला नोकरीवरून नारळ दिला? ह्या कारखान्यांच्या गावात तर शाल आणि नारळ एकाच दिवशी मिळतो, माणसाला घरी बसवतात त्या दिवशी. आणि आमच्या वसंताने भाषणही नेमकं तेच केलं होतं. सेवा, विश्रांती, उर्वरित आयुष्य!

"आजी, तसं नव्हतं गं!" नलू दारावर थापा मारत म्हणाली.

"न्हाई कसं? समद्यांम्होरं सांगितलं, विश्रांती घ्या. घेतीया."

तेवढ्यात भोंगा झाला. नलूचा चेहरा पांढराफटक पडला. ती अजून टेम्पररी होती, पर्मनंट करायची बोलणी चालली होती, आणि अशा वेळी खाडा म्हणजे सगळंच मुसळ केरात. बाकीच्या बायांचीही तीच गत. मी पदर खोचला. "जा तुम्ही. मुलं मी बघते."

"मावशी, एवढ्या सगळ्यांना?"

"वर्ग सांभाळलेत मी. पळा!"

त्या पळाल्या आणि पडवीत एकदम रडारड सुरू झाली. वर्गातली मुलं 'गप्प बसा' म्हटलं की बसतात. ह्यांना ते शब्दच ठाऊक नव्हते. एकाला उचललं की दुसरं हातपाय झाडायचं. चिऊ तर बंद दाराकडे रांगत जाऊन त्याच्यावर हात आपटत होती. दार हलेना. मी दोन झोळ्या पुन्हा टांगल्या, तान्ह्यांना त्यांत घातलं, आणि तान्हाबाईंना द्यायला आणलेल्या फणसाच्या आठळ्या पिशवीत होत्या त्या मोठ्यांना दिल्या. मग पहिलीच्या वर्गात म्हणते तसे बेसूर आवाजात आकडे म्हणायला लागले. कशाने कोण जाणे, हळूहळू एकेकाचं रडं थांबलं. आठळ्या घरंगळू लागल्या. कुणीतरी चक्क हसलं.

आणि खाडकन दार उघडलं.

"पोरांच्या हातात बिया देती व्हय गं? घशात गेली म्हंजी?" तान्हाबाईंनी भराभरा आठळ्या गोळा केल्या, चिऊला कडेवर घेतलं आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जशी मी त्यांच्या घरात चोरी करायला शिरले होते. "म्या कामावर न्हाई. सांगून ठिवते."

"मग बाहेर कशाला आलात?" मीही चिडले होते.

त्या ओट्यावर टेकल्या. "रडत हुती तवर बसले आत, काळजावर धोंडा ठिवून. म्हनलं, बघू दे त्यास्नी. पर गप झाली आन् माझा जीवच गेला. म्हनलं, आपल्याबिगर बी राहत्यात."

मी त्यांच्या शेजारी बसले. चिऊच्या केसांवरून हात फिरवत त्या सांगू लागल्या. जमीन गेली त्या कारखान्याच्याच गेटावर त्यांचे मालक वॉचमन होते. एक दिवस त्यांना शाल घातली, नारळ दिला, साहेब म्हणाले विश्रांती घ्या. "दुसऱ्या दिशी भोंगा झाला तसं मालक उठलं, टोपी घातली, आन् ह्या ओट्यावर येऊन बसलं. रोज तसंच. भोंगा झाला की टोपी घालायची आन् बसायचं. म्या कधी इचारलं न्हाई. काय इचारायचं? फुडची दिवाळी काय त्यांनी बघितली न्हाई. शाल-नारळ घेतलेला मानूस पुन्यांदा गेटाच्या आत गेलेला म्या बघितला न्हाई, बाई."

मला रडू कोसळलं. त्या घाबरल्याच. "आता तुला काय झालं?"

"पुढच्या वर्षी माझाही नारळ आहे," मी म्हटलं. हे मी तोवर कुणाजवळ बोलले नव्हते. सगळे म्हणतात, सुटलात हो बाई, आता आराम! मी हसून 'हो ना' म्हणते आणि घरी येऊन रिकाम्या अंगणात बसते. मूलबाळ नाही, शाळा हेच घर. त्या परक्या गावात, त्या परक्या ओट्यावर मला पहिल्यांदा मनासारखं रडता आलं. तान्हाबाईंनी माझ्या पाठीवर थोपटलं, अगदी झोळीतल्या पोराला थोपटतात तसं. मग म्हणाल्या, "उठ, माडगं शिजवायचंय. पोरं उपाशी हायत."

तिसऱ्या प्रहरी पाळी सुटली. बाया धावतच आल्या, पाठोपाठ वसंता, हातातला डबासुद्धा घरी न ठेवता. त्याने ओट्याशी मान खाली घातली.

"आजी, चुकलं माझं. मला दुसरं भाषणच येत नाही गं. कंपनीत तेवढंच ऐकलंय."

तान्हाबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "सत्कार कशाचा केलास रं?"

"तू आमची पोरं सांभाळतेस, त्याचा."

"मग उद्या पोरं घिऊन यायचं हाय का न्हाई?"

"यायचं आहे ना!"

"मग त्ये बोलायचं हुतं! येवढं येकच बोलायचं सोडून कर्ण्यावर काय बोलत हुतास?"

बाया खो खो हसत सुटल्या. वसंताही हसला, पण डोळे पुसत. तान्हाबाई आत गेल्या आणि कालचा नारळ घेऊन आल्या. "दिलेला नारळ म्या ठिवत न्हाई," असं म्हणून त्यांनी तो ओट्याच्या दगडावर खाडकन फोडला, नवं काम सुरू करताना फोडतात तसा. खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांच्या हातावर ठेवले. शाल मात्र चिऊच्या झोळीत अंथरली. "लोकरीची हाय, टोचंल तिला," नलू म्हणाली. "मग माझ्या अंगावर कशी काय चालत हुती?" म्हातारीने विचारलं.

पुढचे दिवस मी रोज सकाळी त्या पडवीत जात होते. नलूने मला कौतुकाने विचारलं, मावशी, पुणं बघायचं नाही का? राहून गेलं खरं. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेले, तर तान्हाबाईंचे दोन्ही हात गुंतलेले. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "निघालीस? बरं. तुझा नारळ मिळाला की इकडं ये. मालकांची खोली मोकळीच हाय. आन् मला आता येकटीला हुत न्हाई गं, पोरं लई झाल्यात."

दोन्ही गोष्टी त्या इतक्या सहज बोलल्या, की मला 'येते' म्हणायलाही सुचलं नाही. बसमध्ये बसल्यावर सुचलं. दापोडीचा पूल गेला, पुणं गेलं, सातारा गेला. घाट उतरताना चिपळूणकडचा दमट वारा लागला, तरी माझ्या कानात त्या पडवीतला कलकलाट होता. माणसाला मान कशाने मिळतो, शालीने की 'उद्या या' म्हणण्याने, हे मी इतकी वर्षं पुस्तकांतून शिकवत आले. कळलं आत्ता.

चिपळूणच्या स्टँडवर आमचे हेडमास्तर भेटले. कुणाला तरी सोडायला आले होते. "काय बाई, तिकडे काय काय बघितलंत?"

मी म्हटलं, "नोकरी बघितली."