चटईएवढी भुंय

सिमेंटची जमीन कशी राखायची हे मला कुणी शिकवलं नाही. माहेरी शेणाने सारवलेली जमीन होती, आणि लग्न होऊन तोंडवलीकडच्या या घरात आले तेव्हा इथेही तीच. पडवी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागचं दार, एवढंच घर. माणसंही बेताचीच. सासूला मी आये म्हणायचे, ती मला बाय म्हणायची. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. नवरा मुंबईला गोदीत कामाला. मूलबाळ झालं नव्हतं, तेव्हा वर्षातले बहुतेक दिवस घरात आम्ही दोघीच.

नवरा मे महिन्यात आगबोटीने मालवणला उतरायचा आणि दर खेपेला डोक्यात काहीतरी नवीन खूळ घेऊन यायचा. एका वर्षी स्टोव्ह आणला, तो आयेने फडताळात ठेवून दिला. पुढच्या वर्षी म्हणाला, घराला कोबा करायचा. शेणाची जमीन आता कोण ठेवतं? पिसवा होतात, पावसाळ्यात ओल येते, मुंबईची माणसं आली तर बसायची पंचाईत. मुंबईची माणसं आमच्याकडे कधी आली नाहीत, पण त्याला ती येतील असं कायम वाटायचं. तेव्हा सिमेंट परवान्यावर मिळायचं. त्याने खटपट करून ते मिळवलं आणि बांद्याकडचा एक गवंडी बोलावला. हा गवंडी गोव्यात काम करून आलेला, तांबडा रंग घालून आरशासारखी जमीन करतो म्हणून त्याचं नाव होतं.

पडवी झाली, स्वयंपाकघर झालं, आणि माजघराच्या दिवशी आये मागच्या दाराजवळच्या कोपऱ्यात चटई टाकून आडवी झाली. गवंडी एका टोकापासून काम करत करत तिच्यापर्यंत आला आणि थापी हातात धरून थांबला.

"आये, वायच बाजूक सरा."

"माका सोडून बाकीचा सगळा कर," आये म्हणाली.

नवरा पडवीतून आत आला. आधी त्याला ती थट्टाच वाटली. आये उठेना तेव्हा त्याचा आवाज चढला. मग आयेने पडल्या पडल्याच सांगितलं, "माका मरताना भुंय व्हयी. ह्या दगडार माजो जीव जावचो नाय."

आमच्याकडे माणसाचा शेवट जवळ आला की त्याला खाटेवरून खाली घेतात. जमीन शेणाने सारवतात, दर्भ टाकतात, आणि त्यावर निजवून तोंडात पाणी आणि तुळशीचं पान घालतात. खाटेवर गेलेला जीव अडकून राहतो असं मानतात. पण सिमेंट हे भुंयेत धरायचं की खाटेत, याचा निकाल आमच्या वाडीत तोवर लागला नव्हता, कारण सिमेंटवर अजून कुणी मेलंच नव्हतं. नवऱ्याने भटजींना बोलावून आणलं. भटजी म्हणाले, "सिमेंट म्हणजे तरी काय, मातीच ती. शास्त्राला काही हरकत दिसत नाही." त्यांनी स्वतः गेल्याच वर्षी ओटी सिमेंटची केली होती.

"भटजीनू, तुमच्या घरात त्या सिमेटार कोण मेलो आसा काय?" आयेने विचारलं.

भटजी सुपारी तोंडात टाकून निघून गेले. गवंडी संध्याकाळपर्यंत थांबला आणि मग तिच्या चटईच्या कडेकडेने थापी फिरवून त्याने काम संपवलं. चटई होती तेवढीच मातीची जमीन राहिली. लोक हसतील, असं नवरा पुटपुटत होता. "हसांदेत," आये म्हणाली.

नव्या कोब्यावर पाणी साठवून ठेवायचं असं गवंडी बजावून गेला होता. आयेचा जन्म भातशेतीत गेलेला. तिने मातीचे छोटे बांध घातले, माजघराचे भाताच्या खाचरांसारखे तीन-चार कुणगे केले आणि विहिरीचं पाणी भरून ठेवलं. एक बेडूकही येऊन राहिला. मध्ये फळी टाकून ती आपल्या कोपऱ्यात ये-जा करायची आणि तिथे बसून सुपाऱ्या सोलायची. पाणी काढल्यावर पहिल्याच शनिवारी सवयीने तिने अख्खी पडवी शेणाने सारवून टाकली. वाळल्यावर त्याचे पापुद्रे सुटले. ते नारळाच्या सोडणाने खरवडून काढताना माझी कंबर मोडली आणि मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. तिलाही त्याचं काही वाटलं नाही.

मग त्या जमिनीची सेवा माझ्या वाट्याला आली. सकाळी झाडायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, कोरड्याने पुन्हा पुसायचं. समुद्राची रेती पायांना चिकटून येते आणि ती तशीच राहिली तर चमक खरवडून काढते, म्हणून दाराशी तांब्या ठेवलेला. येणाऱ्या प्रत्येकाला मी पाय धुवायला लावायचे, त्यामुळे काहींनी यायचंच सोडलं. रस काढल्यावर उरलेला खोबऱ्याचा चोथा कापडात बांधून त्याने जमीन घासली की ती लखलखते. कोकमाचं आगळ सांडलं तर तिथे पांढरा डाग पडतो आणि तो जन्मभर जात नाही. असे दोन डाग स्वयंपाकघरात आहेत, दोन्ही आयेचे. पावसाळ्यात जमिनीला घाम फुटतो, तेव्हा कितीही पुसा, उपयोग नाही. हे सगळं मी मन लावून करायचे. मला ती जमीन आवडत होती की नाही, हे मात्र मला सांगता येणार नाही. नवरा आला की आधी जमीन बघायचा, मग माझ्याकडे.

दर मे महिन्यात तो कोपऱ्याचा विषय निघायचा. एका वर्षी त्याने उरलेलं सिमेंट भरायला काढलं, तर पावसाळ्यात पोतं ओलं होऊन त्याचा धोंडा झाला होता. पुढच्या वर्षी नवीन सिमेंट आणलं. आये चटईवर जाऊन निजली, आणि त्याची रजा संपेपर्यंत दुपारची तिथेच निजत राहिली. जाताना तो चिडून म्हणाला, "आये, तू काय आज मरतंय?" ती म्हणाली, "खबर देवन थोडीच येता ता?" आईला उचलून बाजूला ठेवणं त्याला जमणारं नव्हतं. तो मुंबईला गेला आणि आये त्या कोपऱ्याला पुन्हा सारवण घालू लागली. ती म्हातारी होत चालली होती आणि मरणाची तिची एवढी एकच तयारी होती. तिने दुसरं काहीच कधी मागितलं नाही.

मग एका मार्गशीर्षात नवरा अचानक आला. आगबोटीतून होडीत आणि होडीतून किनाऱ्यावर त्याला दोघांनी धरून उतरवलं होतं. बैलगाडीतून घरी आला तेव्हा मी त्याला पाय धुवायला सांगितलं नाही. छातीचं दुखणं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी हवापालट करा म्हणून पाठवलं होतं. मालवणच्या डॉक्टरांनी सुया टोचल्या आणि मला बाजूला घेऊन शुद्ध मराठीत सांगितलं, "आता घरच्यांनी तयारीत राहावं." मी बरं म्हटलं. घरी येऊन भात टाकला.

त्याची खाट माजघरात होती. पडून पडून तो जमीन बघायचा. एकदा म्हणाला, "तो कोपरो रवलोच मा, आये." आये म्हणाली, "रवांदे."

एका दुपारी वाडीतले भाऊबंद जमले होते. त्याचा श्वास बदलला तेव्हा त्यातला एक वडीलधारा म्हणाला, "तेका भुंयेर घेवया." सगळ्यांनी खाली बघितलं. जमीन मी सकाळीच पुसली होती आणि तिच्यात खाटेचे पाय दिसत होते. आता कुठे घ्यायचं, हे विचारायला कुणाचं तोंड उघडेना. आये कोपऱ्यात आपल्या चटईवर बसली होती. ती भिंतीला धरून उठली. चटई गुंडाळून तिने भिंतीशी उभी केली आणि मला म्हणाली, "बाय, शेण हाड."

मी आणलं. तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः बसून सारवलं, कडेपर्यंत नीट, आणि बाजूला सरली. त्याला उचलून तिथे निजवलं. जागा त्याला बरोबर पुरली. दिवस कलायच्या आत तो गेला.

मला रडू आलं नाही. बायका म्हणत होत्या, "रड गो, रडल्याबगर बरा वाटाचा नाय." त्यांचं ऐकू येत होतं, पण ते दुसऱ्या कुणाला तरी सांगतायत असं वाटत होतं. माणसं गेल्यावर जमिनीवर रेती, तांदूळ, चिखलाचे पाय उरले होते. ते मी पुसलं. तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि मी रोज सकाळी झाडायचं, पुसायचं, चोथ्याने घासायचं तसंच करत राहिले. ती जमीन आता कुणी बघायला येणार नव्हतं. मी का घासते असं आयेने एकदा विचारलं, तर मी चोथा पुन्हा बांधून घेतला आणि घासत राहिले. दुःख झालंय असंही वाटत नव्हतं. भूक लागायची, जेवायचे. झोप यायची, झोपायचे. एखादा हात अंगाखाली सापडून बधिर होतो, तसं सगळं अंग होतं, आणि त्याचा मला त्रासही होत नव्हता.

आयेने मात्र आपली चटई स्वयंपाकघराच्या दाराशी टाकली, सिमेंटवर. म्हटलं, आये, गार लागेल. म्हणाली, "हयसर बरा आसा." कोपरा ती आठवड्याला सारवायची, पण तिथे कधी बसली नाही. मी एकदा पेंढ्यात बांधलेली भाताची मुडी तिथे टेकवून ठेवली तर तिने स्वतः ओढून बाहेर काढली. मला वाटलं, आपली जागा मोकळी ठेवतेय. म्हातारीला अजून आपलीच पडलीय, असंही मनात आलं. तेव्हा माझं मन असंच होतं, कुणाविषयी चांगलं येत नसे.

अशी काही वर्षं गेली. मग तिचं अन्न सुटलं. शेवटच्या दिवशी दुपारी पुन्हा तेच भाऊबंद आले. या खेपेला कुणाला काही विचारावं लागलं नाही. वाडीतल्या लहान मुलालाही ठाऊक होतं की ती जागा आयेची, तिने गवंड्याशी आणि पोटच्या मुलाशी भांडून राखलेली. मी कोपरा सारवला. दर्भ टाकला. दोघांनी तिला चटईसकट उचललं आणि कोपऱ्याकडे नेलं.

तिने डोळे उघडले. तिचा हात हलला, म्हणून मी जवळ गेले.

"थंय नको," ती म्हणाली.

वडीलधारा वाकून म्हणाला, "आये, ही तुजीच भुंय. तुकाच व्हयी होती मा?"

"थंय तो निजलो आसा," आये म्हणाली. "तेका हलवू नको."

माणसं तिला तशीच धरून उभी राहिली आणि माझ्याकडे बघू लागली. मी त्यांना सांगितलं, ती म्हणते तसं करा, इथेच ठेवा. तिला माजघराच्या मधोमध सिमेंटवर ठेवलं. मी तिच्या तोंडात पाणी घातलं. मग मी तिथेच खाली बसले आणि नवरा गेला तेव्हा न आलेलं रडू मला आलं, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने. आये अजून जिवंत होती. तिने ते ऐकलं असावं, कारण माझा हात तिने धरला होता आणि शेवटपर्यंत सोडला नाही.