पट्टा बांधल्यावर बोलायचं नाही

मुलांनो, आमच्या शारजातल्या, अल मजाज भागातल्या इमारतीखाली औषधांचं दुकान आहे. तिथला फार्मासिस्ट पॅलेस्टिनी आहे, पण जन्मला इथेच. दर शुक्रवारी तो तुमच्या आजोबांचं ब्लड प्रेशर मोजतो आणि मग दोघं कडाडून भांडतात. आजोबांना इस्रायलची बाजू पटते, त्याला ती ऐकवत नाही. तरी खुर्ची तोच पुढे करतो, आजोबांची बाही नीट दुमडतो आणि दंडाला पट्टा बांधला की तोंडावर बोट ठेवतो. "अंकल, अभी नो पॉलिटिक्स." आकडा वहीत उतरला की हसतो. "यल्ला, अब बोलो!"

परवा आजोबांना तेवढाही धीर धरवला नाही. पट्टा बांधलेला असतानाच म्हणाले, "पहले हमला किसने किया, बोलो!"

त्याचा हात थांबला. गाझातल्या बहिणीचा फोन आठ दिवसांपासून लागत नाही, असं तो मला आदल्याच दिवशी म्हणाला होता. मी ते आजोबांना हळूच मराठीत सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

मला वाटलं, आता हा आम्हाला दुसरं दुकान बघायला सांगणार. त्याने शांतपणे आकडा पाहिला. "एक सौ सत्तर. गुस्सा का नंबर मैं नहीं लिखता, अंकल. दस मिनट बैठो."

तोही शेजारी स्टुलावर बसला. दहा मिनिटांनी त्याने पुन्हा पट्टा बांधला. दुसऱ्यांदा आकडा बराच खाली आला, तो त्याने लिहिला.

आजोबांचं मत बदललेलं नाही. पण उठण्याआधी त्यांनी विचारलं, "बहन का नाम क्या है?"