खाडीकडे तोंड असलेलं हॉटेल

रविवारी सकाळी बरोबर दहा वाजून वीस मिनिटांनी मी कासारवाडीत तारामावशींच्या दारात उभा होतो. हातात गुंडाळलेली ड्रॉइंग शीट, खिशात दोन पेन्सिली आणि खोडरबर. बेल वाजवण्याआधी शीट उलगडून पुन्हा एकदा तपासली...

मावशी आमच्याच गावच्या, कोकणातल्या. वय सत्त्याऐंशी. पन्नासच्या दशकात लग्न होऊन त्या बंदरावरच्या हॉटेलवाल्यांची सून झाल्या. आज त्या जागी पार्किंग आहे. हॉटेलचा एकही फोटो नाही.

मागे एकदा त्यांच्या पणतीने मोबाइलवर नकाशा उघडला. "पणजी, कुठाय तुझं हॉटेल? इथे तर काहीच नाही!" सगळे हसले, मावशीही हसल्या... पण मी निघताना हळूच म्हणाल्या, "तू कंपनीत मापं घेतोस ना? मला ते काढून दे. मी खोटं नाही रे बोलत."

माझं आयटीआय अर्धवट सुटलं. पण निघोजेजवळच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला आहे, ड्रॉइंग कळतं. पार्किंगच्या कडेला जोत्याचे चार दगड उरलेत, त्यांची मापं चुलतभावाकडून दोनदा घेतली. अकरा दिवस, शिफ्ट सुटल्यावर थेरगावच्या खोलीवर बसून काढत होतो.

मावशींनी चष्मा लावला. कागद फिरवला. परत फिरवला.

"मेल्या, दार रस्त्याकडे काढलंस?"

"मग कुठे, मावशी? रस्ता तिकडेच आहे."

"तेव्हा रस्ता होता कुठे! माणसं यायची लाँचने. दार खाडीकडे. तू दार काढलंस तिथे माझी चूल. गिऱ्हाईकं काय चुलीवरून उड्या मारत येणार?"

खरंच की... मी कायम एसटीने गावी जाणारा. दार रस्त्याकडेच असणार, हे धरूनच चाललो होतो.

खाडीच्या तोंडाशी लाँचचा भोंगा वाजला की मावशी आधण ठेवायच्या. धक्क्याला लागेपर्यंत चहा तयार. पण लाँच त्यांना कधी दिसली नाही. चूल मागच्या भिंतीला, आणि सुनेने पुढे यायची रीत नव्हती.

मग मागून रस्ता आला, एसटी आली. लाँच रिकामी येऊ लागली. घरच्यांनी दार रस्त्याकडे फिरवू या म्हटलं, तर सासरे म्हणाले, "खाडीला पाठ करायची नाही." एसटीतली माणसं चुलीशेजारच्या खिडकीशी येऊन चहा मागायची. मावशी गजांमधून नुसता कप द्यायच्या... बशी मावायची नाही, हातावर चहा सांडायचा.

"एक दिवस मामंजी करवत घेऊन आले. मधला गज कापला नि गेले. मग बशीही मावायला लागली. पुढे सहा वर्षं हॉटेल त्या खिडकीवर चाललं, बाळा."

मी दार खोडून खाडीकडे काढलं. मग खिडकी काढली... पाच गजांची, मधला वगळून. आमच्याकडे असा पीस रिजेक्ट होतो.

तेवढ्यात पणती डोकावली. "पणजी, इथला एक गज कुठे गेला?"

या वेळी कुणी हसलं नाही. मावशींनी तिला जवळ ओढलं, बोट खिडकीवर ठेवलं आणि सुरुवातीपासून सांगायला लागल्या...

मी बाजूला बसून चहा प्यायलो. कपबशीतून.