बॅटीची कड

दादाच्या तेराव्याला पुतण्याने त्याची बॅट बाहेर आणली. दादाने ती शेवटपर्यंत जपली होती. तिला चोळलेल्या जवसाच्या तेलाचा वास ओटीभर पसरला. लगेच कोणीतरी माझ्याकडे पाहून म्हणालेच, "काकांनी जमिनीच्या रागापोटी सख्ख्या भावाला आउट दिलं."

हे साफ खोटे आहे. जमिनीची वाटणी पुढे कितीतरी वर्षांनी झाली. बाळकुमच्या कापणी झालेल्या शेतात मोसमाचा तो शेवटचा सामना होता. आमच्याकडे फलंदाजी करणाऱ्या संघाचाच माणूस पंच म्हणून उभा राही आणि आपल्यांना सांभाळून घेई. त्या दिवशी मी उभा होतो. जिंकायला दोन धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी खेळत होती. दादाच्या बॅटीची कड घेऊन चेंडू यष्टिरक्षकाच्या हाती गेला. तो बारीक आवाज मी ऐकला आणि बोट वर केले.

जाताना दादा माझ्यापाशी थांबला. "तू कोणाच्या टीमचा रे?" एवढेच तो म्हणाला. पुढे एकाच अंगणात आम्ही म्हातारे झालो, पण तो माझ्याशी पुन्हा बोलला नाही.

चेंडू लागला होता. हे ठाऊक असलेला दुसरा माणूस तोच, आणि "लागला नव्हता" असे तोही कधी म्हणाला नाही. त्याने निदान तेवढे खोटे बोलावे आणि मलाही रागवायला जागा मिळावी, म्हणून मी वाट पाहत राहिलो.