बाराव्या पायरीवरची घागर

९ फेब्रुवारी, रविवार. पहाटे गारठा, आठनंतर स्वच्छ ऊन, वारा नाही.

गावाचा इतिहास लिहायला बसलो, तेव्हा एक दोनशेपानी वही पुरेल असं वाटलं होतं. आता सहावी सुरू आहे, आणि त्यात इतिहास कमी, किस्सेच जास्त! आमचं गाव जानेफळच्या अलीकडे. विष्णुभाऊंच्या पिठाच्या चक्कीसमोर आम्ही चार-पाच जण रोज बसतो. मी विचारतो, ते सांगतात, मी लिहून घेतो. माझी शाळा दहावीला सुटली. पुढचं या मंडळींनी शिकवलं, तेही वरून चहा पाजून!

*

पहिला प्रश्न विष्णुभाऊंनाच विचारला. "भाऊ, आपलं गाव किती जुनं असन?"

त्यांनी चक्की बंद केली, भुवयांवरचं पीठ पुसलं.

"लय जुनं. माहा आजा सांगे, त्याच्या लहानपनीबी रस्ता खराबच होता!"

*

गावात मारोती दोन. एक वरच्या आळीचा, एक खालच्या.

"यातला जुना कोनता?" मी विष्णुभाऊंना विचारलं.

"ज्याच्यापुढं उभे राहून इचारसान, तो!"

*

तट केव्हाच पडला, वेस तेवढी उभी आहे. बाजूला मोकळं रान, कापसाचे ट्रॅक्टर तिथूनच जातात. पण नवरदेव वेशीतूनच आत आला पाहिजे, हा रिवाज. एकदा चिखलीच्या नवरदेवाची गाडी रुंद निघाली आणि वेशीत अडकली. दारं उघडेनात! डिक्कीतून त्याला फेट्यासकट ओढून काढला, तर तो वेशीच्या बाहेरच! शेवटी टपावरून चालवत आत आणला.

गाडीवाला रडकुंडीला आलेला. मुलीचा बाप मात्र निवांत. "मुख्य मानूस पोचला. गाडीची घाई नाही!"

*

राहिली बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. नळ आले आणि तिच्यात गाळ साचला. वर पाच पायऱ्या तेवढ्या दिसत. सरपंच दिलीपराव म्हणाले, "खड्डा हाय नुसता. बुजवून हॉल बांधू." माणूस वाईट नाही, गावात लग्नाला जागा नाही, हेही खरंच. रविवारी जेसीबी येणार, असं ठरलं.

मी घाईघाईने चक्कीवर पायऱ्यांची चौकशी केली. कोणी नऊ सांगितल्या, कोणी वीस. विष्णुभाऊ सातवर अडून बसले. भांडण जुंपलं!

गयाआजी दळण घेऊन आल्या होत्या. त्यांनी डबा खाली ठेवला.

"तुमच्यातला कोन उतरे रे पान्याले?"

पाणी भरलं बायांनी, आणि मी विचारत होतो पुरुषांना!

"बारा हायेत," आजी म्हणाल्या. "बारावीवर आमी घागरी टेकवत होतो. टेकवू टेकवू दगडाले खळगे पडले. ज्या खळग्यात सासूची घागर, त्यातच सुनेची. माह्या सासूनं मले तिसरा देला. नळ आले, न् माह्या सुनेले द्याचा राहून गेला."

चक्कीवरच बसलेले दिलीपराव हसले. "आजी, खळगा निंघाला तर मशीन वापस. नाही निंघाला तर मंग बोलाचं नाही."

"हाव," आजी म्हणाल्या.

*

चार दिवस गावाने गाळ उपसला. विष्णुभाऊंनी चक्की बंद ठेवून घमेली वाहिली. दिलीपरावांनी स्वतःची मोटर लावून पाणी काढलं. त्या सगळ्यांची नावं मी वहीत लिहिली आहेत. उपकार दुसरीकडे कुठे ठेवणार?

काल अकरावी पायरी लागली. आज सकाळी बारावीवरचा चिखल निघत होता, तेव्हा वर जेसीबी येऊन उभा होता आणि ड्रायव्हर चहा पीत होता. विष्णुभाऊंनी दगडावर बादलीभर पाणी ओतलं.

गयाआजी सुनेचा हात धरून उतरल्या. तांब्याची घागर सुनेच्या कडेवर होती.

"उजवीकून तिसरा," आजी म्हणाल्या. "ठेव."

सुनेने घागर ठेवली. ती बसली, हलली नाही.

जेसीबी दहा वाजून वीस मिनिटांनी परत गेला.